घंटागाडी आणि गावकूस

कचऱ्यावर लिहिलेले दोन प्रकारचे वाङ्मय आज आपल्यासमोर आहे. एक दलित लेखकांनी लिहिले. दुसरे सरकारी खात्यांनी, नगरपालिकांनी आणि सल्लागार कंपन्यांनी लिहिले : घनकचऱ्याचे नियम, प्रकल्प अहवाल, निविदा, करारपत्रे. पहिल्यावर आपण समीक्षा लिहितो, परिसंवाद घेतो, वाद घालतो. दुसरे वाङ्मयच नव्हे असे समजून ते कारकुनांच्या आणि कंत्राटदारांच्या हाती सोडून देतो. हे दुर्लक्ष आपल्याला परवडणारे नाही. झाडू हातात असलेल्या माणसाचा दिवस कसा उगवेल आणि कसा मावळेल हे कवितेने ठरत नाही. ते निविदेतल्या एका कलमाने ठरते. ज्या मजकुराने माणसाचे जगणे ठरते त्या मजकुराची समीक्षा झाली पाहिजे. एरवी समीक्षा हा विद्यापीठातल्या लोकांचा विरंगुळा ठरेल.

पालघर-बोईसर पट्ट्यात कार्यकर्त्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गांत बोलताना मला एक गोष्ट सारखी जाणवत आली आहे. कचरा म्हटले की आपले तरुण दोन टोकांना जातात. काहीजण आवेशाने जातीबद्दल बोलतात, पण कचरा उचलतो कोण, नेतो कोण, त्याचे पैसे कोणाला कशाच्या हिशेबाने मिळतात, हे त्यांना सांगता येत नाही. दुसरे काहीजण गाड्या, डबे आणि प्रकल्प यांबद्दल जाणकारीने बोलतात, पण त्यांच्या बोलण्यात माणूस येत नाही. पहिल्यांचे बोलणे साहित्यातून आलेले असते, दुसऱ्यांचे अहवालातून. या दोन्ही वाङ्मयांत नेमके काय गाळले गेले आहे याची तपासणी म्हणून मी हे लिहितो आहे.

आधी नियमांची भाषा पाहू. घनकचऱ्याचे देशव्यापी नियम पहिल्यांदा २००० साली आले. हाताने कचरा हाताळण्यास मनाई राहील, असे त्यांत म्हटले होते. मात्र लगेच पुढे अशी सवलत होती की अडचणीमुळे ते टाळता येत नसेल तर कामगारांच्या सुरक्षिततेची काळजी घेऊन ते करावे. मनाईचे वाक्य आणि परवानगीचे वाक्य शेजारी शेजारी नांदत होते. अडचण कोणाची हे त्यात लिहिलेले नव्हते. ती नगरपालिकेची होती, आणि तिची किंमत मात्र कामगाराने आपल्या हातांनी चुकवायची होती. २०१६ च्या नियमांनी एक पाऊल पुढे टाकले. कचरावेचकांची व्याख्या झाली, त्यांच्या संघटनांना मान्यता द्यावी असे म्हटले गेले, आणि कामगारांना गणवेश, चमकणारे जाकीट, हातमोजे, रेनकोट, पादत्राणे व मास्क द्यावेत असा स्पष्ट उल्लेख आला. हे स्वागतार्ह होते. पण या साऱ्या मजकुरात क्रियापदे कर्मणी आहेत. कचरा गोळा केला जाईल, वाहून नेला जाईल, त्याची विल्हेवाट लावली जाईल. करणारा कर्ता वाक्यातून नाहीसा होतो. आपल्याकडे गावगाड्यातले व्याकरणही असेच होते. मेलेले ढोर ओढले जात असे, पायखाना उचलला जात असे. कोण ओढतो हे सांगण्याची गरजच नसे, कारण ते सगळ्यांना जन्मापासून ठाऊक असे. आधुनिक नियमांनी कर्ता गाळला तेव्हा ती जुनी ठाऊक असलेली गोष्टच त्यांनी गृहीत धरली.

आता ही भाषा प्रत्यक्ष भूमीवर आणू. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. सिडकोने कोळगावला जिल्ह्याचे मुख्यालय बांधले. पालघरला नगरपरिषद आहे. तिथे निदान जाब विचारायला एक दार आहे. रेल्वेने उमरोळीच्या पुढे गेले की बोईसर. तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि तिच्या भोवती उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, खानदेश, मराठवाडा इथून आलेल्या कामगारांच्या चाळी वाढल्या. २०११ च्या जनगणनेने बोईसरला नगर म्हणून मोजले. पण त्या नगराचा कारभार ग्रामपंचायतीकडेच होता. २०१६ चे नियम अशा जनगणना-नगरांना आणि औद्योगिक वसाहतींनाही लागू केले गेले. म्हणजे कर्तव्ये शहराची लागली आणि ती पार पाडायला यंत्रणा खेड्याची मिळाली. नगरपरिषदेकडे असतो तसा स्वच्छता निरीक्षक, मंजूर पदे, सफाई कामगारांचा आकृतिबंध यांतले ग्रामपंचायतीकडे फार थोडे असते.

त्यात हद्दींचा घोळ. बोईसर, सरावली, खैरापाडा, पास्थळ या वस्त्या डोळ्यांना एकच शहर वाटतात, पण कागदावर त्या वेगवेगळ्या ग्रामपंचायती. मध्ये औद्योगिक वसाहतीची हद्द, पलीकडे अणुकेंद्राची वसाहत, मधून रेल्वेची जमीन. प्रत्येकाचे झाडणे आपल्या हद्दीपुरते. मग कचरा कुठे साठतो? जिथे एकाची हद्द संपते आणि दुसऱ्याची नीट सुरू होत नाही तिथे. मी हे ढीग पाहिले आहेत. ते रस्त्याच्या वळणावर, नाल्याच्या काठाला, पुलाच्या तोंडाशी असतात. आणि तिथेच भाड्याच्या खोलीचेही पैसे नसलेल्यांची झोपडी असते. पूर्वी गावाला कूस असे आणि कुसाबाहेर कोण राहणार हे ठरलेले असे. आता गावे अनेक आणि कुसे अनेक. ती जिथे एकमेकांना टेकतात ती फट म्हणजे नवे गावकुसाबाहेर.

याच पट्ट्यात दुसऱ्या एका कचऱ्याची वाहतूक कशी होते ते पाहण्यासारखे आहे. कारखान्यातला घातक कचरा कायद्याप्रमाणे मॅनिफेस्टशिवाय हलवता येत नाही. तो कोणी निर्माण केला, कोणत्या गाडीने नेला, किती नेला, कोणाच्या ताब्यात दिला याच्या वेगवेगळ्या रंगांच्या प्रती असतात, आणि प्रत्येक हातबदलीला सही असते. नियम असूनही तारापूर २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात ९३.६९ गुण घेऊन देशात सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले, हे खरे. पण निदान कागदावर तरी त्या कचऱ्याचा प्रवास नोंदला जातो. घरोघरचा कचरा उचलणाऱ्या माणसाचा प्रवास कुठे नोंदला जातो? तो किती वर्षे काम करतो, किती कंत्राटदार त्याने पाहिले, त्याचा भविष्यनिर्वाह निधी कुठे जमा झाला, त्याला पगाराची पावती मिळाली का? ज्या देशात रसायनाच्या पिंपाला हक्काची पावती आहे आणि ते उचलणाऱ्या माणसाला नाही, त्या देशात कशाला किंमत आहे हे वेगळे सांगायला नको.

आता वाहतुकीच्या अर्थशास्त्राकडे वळू, कारण सुधारणेचे सगळे घोडे इथेच अडते. शहरांत कचरा वाहतुकीचे पैसे बहुधा टनावर मोजले जातात. गाडी वजनकाट्यावर चढते, आकडा पडतो, बिल निघते. आपल्याकडच्या शहरी कचऱ्यात निम्म्याहून जास्त वजन ओल्या कचऱ्याचे असते आणि ओल्या कचऱ्यात बरेचसे पाणीच असते. म्हणजे नगरपालिका पाणी वाहून नेण्याचे पैसे देते. ओला कचरा वेगळा करून वॉर्डातच त्याचे खत केले तर गाडीचे वजन निम्म्यावर येईल, डिझेल वाचेल, डेपोवर ढीग कमी होतील आणि सफाई कामगाराला कुजका चिखल उपसावा लागणार नाही. पण टनावर जगणाऱ्या कंत्राटदाराचे त्यात नुकसान आहे. माती, राडारोडा, पावसाचे पाणी, सगळे त्याला फायद्याचे. मग दारोदारी ओला-सुका वेगळा गोळा झालेला कचरा एकाच गाडीत का पडतो, हे कोडे उरत नाही. नागरिकांना शिस्त नाही म्हणून ओरड होते. करारालाच शिस्त नको आहे हे कोणी बोलत नाही. ही गोष्ट निविदेच्या एका कलमात असते. ती वाचायला अभियंता लागत नाही.

जे वजनाचे तेच माणसाचे. टन मोजले जातात, माणसे मोजली जात नाहीत. एका गाडीवर किती माणसे असावीत, त्यांनी किती घरे करावीत, हे करारात सैल ठेवले की कंत्राटदार तिघांचे काम दोघांवर टाकतो. मुंबईत हा खेळ फार वर्षे चालला. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा २० कामगारांपासून लागू होत असे, म्हणून कंत्राटे २० च्या आत बसतील अशा तुकड्यांत दिली गेली. कचरा वाहणाऱ्यांना कामगार न म्हणता स्वयंसेवक म्हटले गेले. शब्द बदलला की हक्क बुडतो, याचे इतके ठळक उदाहरण भाषेच्या अभ्यासकालाही सापडणार नाही. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा शब्दखेळ न्यायालयात उलगडला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांच्या बाजूने निकाल दिला आणि ते महापालिकेचे कायम कामगार आहेत हे मान्य झाले. या लढ्याला परंपरा आहे. मुंबईत म्युनिसिपल कामगार संघाची स्थापना १९३५ मध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली झाली, आणि काम सोडले म्हणून सफाई कामगाराला गुन्हेगार ठरवणाऱ्या नगरपालिका कायद्यांवर त्यांनी बोट ठेवले होते.

इथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळण्याची तरतूद आहे. ही तरतूद म्हणजे संरक्षण की साखळी? बापाच्या हातातला झाडू मुलाच्या हाती देणारी तरतूद वर्णव्यवस्थेच्या नियमाशी जुळते, हे नाकारता येत नाही. पण त्याच तरतुदीमुळे हजारो घरांना कायम पगार, निवृत्तिवेतन आणि डोक्यावर छप्पर मिळाले हेही खरे. कंत्राट आले तेव्हा काहीजणांना वाटले की आता हे काम जातीतून सुटेल, कोणीही करील. प्रत्यक्षात काय झाले? वारसा संपला, पगार संपला, आणि कंत्राटदाराच्या गाडीवर बहुतेक त्याच जातींची माणसे दिसू लागली; भर पडली ती उपाशी आदिवासींची आणि परप्रांतातून आलेल्या दलितांची. कंत्राटाने नोकरी तोडली, जात तोडली नाही. श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला जो भेद बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडला, तो आजच्या घंटागाडीवर उभा राहून तपासता येतो.

आता आपल्या साहित्याकडे येतो. बाबुराव बागुलांनी १९६३ च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहातल्या ‘विद्रोह’ कथेत शिकू पाहणारा तरुण आणि बापाची सफाईची नोकरी त्याने धरावी म्हणणारे घर यांना समोरासमोर आणले. वर मांडलेला वारशाचा प्रश्न बागुलांनी शिफारशी येण्याआधीच कथेत उभा केला होता. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ मध्ये खाण बंद पडल्यावर भीमा प्रेतांची राख चाळतो, त्यातले सोने विकतो आणि बोटे गमावून बसतो, तोच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. बेकारी, बाजार आणि शरीर यांचा संबंध या कथेने दाखवला. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये कावाखान्यातल्या बायका मुंबईच्या रस्त्यांवरून चिंध्या, कागद, काच वेचतात. ही त्या शहराची कचरा व्यवस्थाच होती. नगरपालिकेच्या खर्चात ती कधी धरली गेली नाही एवढेच. अरुण ठाकूर आणि महंमद खडस यांच्या ‘नरक सफाईची गोष्ट’ या पुस्तकाने हा विषय सरळ शोधाच्या वाटेने मांडला. या लेखनात काम दिसते. हत्यार दिसते, वेळ दिसते, मोबदला दिसतो.

नंतरच्या आपल्या पुष्कळ कवितेत मात्र काम दिसेनासे झाले. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) मराठी कवितेत घाणीला जे स्थान दिले ते त्या जगात राहून, त्या जगाच्या शब्दांत दिले. त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी ती घाण तयार प्रतिमा म्हणून उचलली. उकिरडा, गटार, नरक हे शब्द संतापाचे परवलीचे शब्द झाले. कचरा हे व्यवस्थेचे प्रतीक ठरले आणि कचरा उचलणारी बाई कवितेतून निघून गेली. प्रस्थापितांच्या अहवालाने तिला कर्मणी प्रयोगात गाळले, आपण तिला रूपकात गाळले. परिणाम एकच. ती पहाटे किती वाजता उठते, तिच्या हातात फुटलेली सुई घुसते तेव्हा ती कुठे जाते, पाळीच्या दिवसांत आठ तास रस्त्यावर असताना तिला मुतारी कुठे सापडते, हे अहवालातही नाही आणि कवितेतही नाही. संताप खरा असला तरी त्याला तपशिलाचे बळ नसेल तर तो टाळ्या मिळवतो, निविदा बदलत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) चित्रपटात गटारात उतरणारा माणूस आत वायू आहे की नाही हे झुरळ बाहेर येते का यावरून ओळखत असे, एवढीच गोष्ट त्याची विधवा सांगते. आपल्या शंभर ओळींच्या आक्रोशाला न साधलेले त्या एका तपशिलाने साधले आहे.

प्रतीकांचा धंदा राज्यकर्त्यांनी आपल्याहून चांगला केला. गाडगेबाबांचा खराटा अभियानाच्या नावात गेला. २ ऑक्टोबर २०१४ रोजी देशभर झाडू हातात घेतलेल्या पुढाऱ्यांची छायाचित्रे निघाली. झाडू पवित्र झाला. तो रोज धरणारा हात होता तिथेच राहिला. पेशवाईत अस्पृश्याच्या कमरेला झाडू बांधला जाई तो त्याची पावले पुसण्यासाठी. आजच्या अभियानात झाडू पुढाऱ्याच्या हाती क्षणभर जातो आणि पुन्हा ठरलेल्या हाती परततो. मैला हाताने वाहून नेण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा त्या वर्षीच्या ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अमलात आला. त्यानंतरही गटारांतले मृत्यू थांबले नाहीत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली, आणि २०२३ मध्ये ती ३० लाख केली. भरपाई वाढवावी लागते याचा अर्थ मरणे चालूच आहे.

शेवटचा प्रश्न वाहतुकीचा खरा प्रश्न आहे : गाडी जाते कुठे? मुंबईचा कचरा एके काळी रेल्वेने चेंबूरकडे जाई. १९२७ पासून देवनारला डेपो झाला, आणि त्याच्या काठाने शहराने हाकललेल्या दलित-मुस्लिमांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी नवापूरच्या समुद्राकडे गेले, आणि मासेमारीवर जगणाऱ्या मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली. अणुकेंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. शहर वाढते तेव्हा ते आपली घाण उताराकडे ढकलते, आणि आपल्या देशात उतार जमिनीचा असतो तसा जातीचाही असतो. उद्या पालघर-बोईसरसाठी मोठा डेपो शोधला जाईल तेव्हा अधिकाऱ्यांचे बोट कुठल्या पाड्यावर पडेल, हे सांगायला ज्योतिषी नको. सफाई कामगार दलित आणि डेपोखालची जमीन आदिवासीची, अशी मांडणी झाली तर आपलीच माणसे एकमेकांसमोर उभी केली जातील. कार्यकर्त्यांनी हे आधीच ओळखले पाहिजे.

बोईसरला नगरपरिषद व्हावी ही मागणी अनेक वर्षांपासून ऐकू येते. माझा तिला विरोध नाही. पण नगरपरिषद झाली म्हणजे प्रश्न सुटला असे मानणाऱ्यांना मी विचारतो, तिची पहिली निविदा कोण वाचणार आहे? दुसरी वाट शक्य आहे याचे पुरावे महाराष्ट्रातच आहेत. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि त्यातूनच पुढे स्वच्छ ही वेचकांची सहकारी संस्था दारोदारचा कचरा गोळा करू लागली. कचरा वेचणाऱ्या बाईने कंत्राटदाराला मध्ये न घेता नगरपालिकेशी करार केला. कोकणातच वेंगुर्ले नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचऱ्याची वीसहून अधिक प्रकारांत वर्गवारी करून डेपोची जागा पाहायला जाण्याजोगी केली. लहान गावाला जे जमले ते कारखान्यांचा पैसा असलेल्या पट्ट्याला जमत नाही, असे कोणी सांगू नये. मात्र या यशाच्या कहाण्या वाचताना आपली नजर ठेवली पाहिजे. त्यांत अधिकाऱ्याचे नाव येते, प्रकारांची संख्या येते. ती वर्गवारी रोज करणाऱ्या हातांची मजुरी क्वचित येते.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. बिल टनावर नको, केलेल्या घरांवर आणि वेगळ्या मिळालेल्या कचऱ्यावर हवे. ओला कचरा वॉर्डाबाहेर जाता कामा नये. बोईसरच्या साऱ्या पंचायती, औद्योगिक वसाहत आणि रेल्वे यांची कचऱ्यापुरती एकच जबाबदार यंत्रणा हवी, म्हणजे हद्दींच्या फटी बुजतील. औद्योगिक वसाहतींनी पुनर्वापरासाठी ५ टक्के जागा किंवा निदान ५ गाळे राखावेत असे २०१६ च्या नियमांनी म्हटले होते. ती जागा तारापुरात वेचकांच्या सहकारी संस्थेला मिळावी. कंत्राटदार बदलला तरी कामगार बदलू नये. आणि झाडू धरणाऱ्याच्या मुलाला दुसरे काम मिळण्याची हमी झाडू मिळण्याच्या हमीइतकीच पक्की असावी. वारशाचा प्रश्न सोडवण्याची वाट तीच आहे. नोकरीचे संरक्षण काढून घेणे ही ती वाट नव्हे.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच आहे. माहितीच्या अधिकारात आपल्या गावाचे कचरा वाहतुकीचे करारपत्र मागवा. ते वर्गात, कट्ट्यावर, वसतिगृहात मोठ्याने वाचा. प्रत्येक कर्मणी वाक्याला कर्ता विचारा. कोण उचलतो, कोण वाहतो, पैसे कोण घेतो, आणि गाडी कोणाच्या दाराशी रिकामी होते. ही उत्तरे लिहून काढली तर ते चांगले दलित साहित्य होईल, आणि निविदा काढणाऱ्यांना ते टाळ्या वाजवून विसरता येणार नाही.